खुर्चीतले ओगिल्वीसाहेब

माझ्या गोष्टी अर्ध्या खऱ्या असतात आणि उरलेल्या अर्ध्या त्याहून खऱ्या, असं कलकत्त्यातले लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मी टोबायस क्विन, मूळचा कॉर्कचा. सारी उमर हिंदुस्थानात गोऱ्या साहेबांचे चेहरे रंगवण्यात गेली. न्यायाधीश, कलेक्टर, मिठावरचे साहेब, अफूवरचे साहेब. सगळे तापानं पिवळे पडलेले. मी त्यांना गुलाबी करून त्यांच्या आयांकडे विलायतेला पाठवत असे. पाटण्याच्या एका न्यायाधीशाची तसबीर वाळवीनं एका पावसाळ्यात फस्त केली, पण नाकाला तिनं तोंड लावलं नाही, कारण नाकावर मी शिशाचा जहरी पांढरा रंग सढळ हातानं लावला होता. त्याच्या बायकोनं तेवढं नाक चौकटीत बसवलं आणि घरी घेऊन गेली. म्हणाली, ओळख पटायला एवढं पुष्कळ आहे.

पण सांगायची होती ती गोष्ट कनेरगढची.

त्या काळी कलकत्त्याहून हुकूम सुटला होता, की कंपनीच्या नोकरानं राजेरजवाड्यांकडून शाल, घोडा, हिरा काही घ्यायचं नाही आणि द्यायचंही नाही. द्यायची तर आपली तसबीर द्या, घ्यायची तर त्यांची तसबीर घ्या. हा हुकूम ज्यानं काढला त्याला माझ्यासारख्या चिताऱ्यांचे आशीर्वाद आहेत. कनेरगढच्या रेसिडेंटनं, म्हणजे त्या दरबारातल्या कंपनीच्या वकिलानं, मला बोलावलं ते याच कामासाठी. धसान नदीच्या एका काठाला राजाचा गड, दुसऱ्या काठाला पळसाचं रान, आणि त्या रानात एक बंगला. बंगल्यात लॅम्बर्ट ओगिल्वी.

स्कॉटलंडचा माणूस. उंच, हाडकुळा, केस वाळूच्या रंगाचे, आणि नाक इतकं लांब की सकाळच्या उजेडात मी सुरुवात केली की टोकाशी पोचेपर्यंत ऊन उतरायचं. मी पालखीतून उतरलो तेव्हा तो पायरीवर उभा होता. तोंड उघडलं, पण आवाज येईना. बिजागरी गंजलेल्या दारासारखं काहीतरी करकरलं.

"क्विन," शेवटी तो म्हणाला, "बोल काहीतरी."

"काय बोलू, साहेब?"

"काहीही. शिव्या दे हवं तर. इंग्रजी असल्या म्हणजे झालं."

मी दिल्या. कॉर्कच्या गोदीतल्या, निवडक. त्याचे डोळे पाणावले.

दहाबारा वर्षं तो तिथं एकटा होता. रविवारी स्वतःच प्रार्थना वाचायचा आणि खुर्ची बदलून दुसऱ्या खुर्चीतून स्वतःच आमेन म्हणायचा. रोज संध्याकाळी पूर्ण गणवेश चढवून एकटा जेवायला बसायचा. सकाळी कलकत्त्याहून आलेल्या ओट्सची लापशी खायचा. त्यात किडे असायचे. खानसामा पीरबख्श निवडून देतो म्हणाला, तर साहेब म्हणाला, "राहू दे रे, टेबलावर तेवढीच सोबत."

त्याचा एकच दिवस खरा होता, गुरुवार. गुरुवारी तो नदी ओलांडून दरबारात जायचा. अकरा तोफा सुटायच्या. राजा सुमेरसिंहाच्या मसनदीच्या उजव्या हाताला त्याची खुर्ची होती, तहात लिहिलेली. अत्तर-पान झालं की राजा आणि तो बुद्धिबळाचा पट मांडायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही, कारण जे बोलायचं ते दुभाष्या मुन्शीतून जायचं आणि मुन्शी सगळ्याचं 'हुजूरांची तबियत कशी आहे' एवढंच करून टाकायचा. पण समोर एक माणूस असायचा. बाकीचे सहा दिवस म्हणजे गुरुवारच्या वाटेवरचे मुक्काम.

तोफांच्या बाबतीत मात्र साहेब कडक. तो आणि पीरबख्श दोघं बोटांवर मोजायचे. एकदा दारू ओली झाली आणि दहाच वाजल्या, तर साहेबानं दिवाणाला चार पानी तक्रार धाडली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पलीकडून एकच तोफ धडाडली. मागोमाग दिवाणाचा माणूस आला: "कालची बाकी."

हे दिवाण लाला मुकुटराय. कनेरगढात सूर्य काही लालांना विचारून उगवत नसे, पण मागल्या वेळी तो कुठून उगवला होता ते लालांनाच ठाऊक असे. त्यामुळे तसबीर पुरी झाली तेव्हा लाला स्वतः नदी ओलांडून बंगल्यावर आले.

तसबीर चांगली झाली होती. मी खोटं सांगत असेन तर माझे कुंचले उंदीर खावोत. कमरेपासून वरचा साहेब, माणसाच्या मापाचा, लाल कोट, गुलाबी गाल, ओठांवर किंचित हसू. ते हसू मी कुठून आणलं म्हणाल, तर पहिल्या दिवशीच्या शिव्यांमधून.

लालांनी ती डोळे भरून पाहिली. "साहेब, एक विचारायचं होतं. तसबीर गडावर आली की ठेवायची कुठं? मागच्या साहेबांनी घड्याळ दिलं, ते तोशाखान्यात कुलूपबंद आहे. त्याआधीच्या साहेबांनी झुंबर दिलं."

"ते कुठं आहे?"

"हत्तीखान्यात. हत्तीला आवडलं."

ओगिल्वीच्या गालांना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्या मदतीशिवाय रंग चढला. "लाला, हे घड्याळ नाही! हा मी आहे. कंपनीचा रेसिडेंट. जे मला, ते याला. हत्ती, तोफा, खुर्ची, अत्तर, पान. तसूभर कमी चालणार नाही."

"तसूभरही?"

"तसूभरही."

"जशी आज्ञा," लाला म्हणाले आणि मान लववली. त्या लवलेल्या मानेत मला हसू दिसलं नाही, आणि हसू शोधणं हा तर माझा धंदा.

सोमवारी तसबीर हत्तीवरून गेली. साहेब मुद्दाम मागं राहिला, दोन-दोन ओगिल्वी बरे दिसणार नाहीत म्हणून. त्यानं वऱ्हांड्यात उभं राहून अकरा तोफा मोजल्या आणि समाधानानं मान हलवली. मी तसबिरीबरोबर होतो. चार चोबदारांनी तिला खुर्चीत बसवली. कमरेपासून वरची असल्यामुळे ती अशी चपखल बसली, की मीच क्षणभर टोपी काढली. राजानं तिच्या बाहीला अत्तर लावलं. उन्हाळा असा होता की रंगातलं तेल सुटून चित्रातल्या साहेबाच्या कपाळावर घाम आला, आणि पंखेवाला न सांगता त्याच्याकडे वळून वारा घालू लागला.

गुरुवार आला. साहेब दाढी करून, पट्टा आवळून, माझ्यासह गडावर गेला. तोफा वाजल्या नाहीत. दरबाराच्या दाराशी चोबदारानं सोन्याची काठी आडवी घातली.

"कोण?"

"कोण म्हणजे? डोळे फुटले का तुझे? रेसिडेंट."

"रेसिडेंटसाहेब आत बसलेत, हुजूर."

खरंच बसले होते. दारातून दिसत होते. गुलाबी, हसतमुख, कडेला पानाचा विडा. दारातला ओगिल्वी पिवळा होता, उन्हातून आल्यामुळे त्याला धाप लागली होती, आणि खरं सांगायचं तर दोघांतला कोण बनावट हे परक्या माणसाला विचारलं असतं, तर त्यानं दारातल्याकडेच बोट दाखवलं असतं.

लाला धावत आले. "साहेब! आपण? पण आपण तर..." त्यांनी एकदा आत पाहिलं, एकदा बाहेर.

"ते चित्र उचला, लाला. मला बसू द्या."

"कंपनीच्या रेसिडेंटला खुर्चीवरून उठवू?" लालांनी कानांना हात लावला. "याहून लहान गोष्टींवरून लढाया झाल्यात, साहेब."

"मग दुसरी खुर्ची आणा."

"तहात एकच खुर्ची आहे. दुसरी दिली की कंपनीचे दोन रेसिडेंट झाले. कलकत्त्याला विचारावं लागेल."

"मी उभा राहतो."

"रेसिडेंटनं उभं राहायचं? कंपनीचा असा अपमान मी माझ्या डोळ्यांदेखत होऊ देणार नाही."

"अहो, मग मला काय करायला सांगता?"

लाला कळवळून म्हणाले, "आपणच म्हणालात साहेब, जे मला ते याला. तसूभर कमी नाही. आता ते सगळं त्यांना दिलं. आपल्यासाठी काही उरलंच नाही."

दरबाराच्या त्या टोकाला राजा सुमेरसिंह मसनदीवर बसला होता. पन्नाशीचा, जाडजूड, उदास मिशांचा माणूस. त्यानं ओगिल्वीला पाहिलं. हात अर्धा वर उचलला. मग सगळा दरबार आपल्या हाताकडे पाहतोय हे लक्षात आलं, तसा त्याच हातानं मिशी सारखी केली आणि खाली ठेवला.

आम्ही परत नदीवर आलो. नावेत साहेब म्हणाला, "क्विन, माझं नाक खरंच एवढं लांब आहे?"

"थोडं कमीच काढलंय, साहेब."

"हं." त्यानं बोटानं नाक चाचपून पाहिलं.

मी म्हटलं, कलकत्त्याला लिहा. तो म्हणाला, "काय लिहू? माझ्या तसबिरीनं मला नोकरीवरून काढलं? जेवणाच्या टेबलावर वाचतील आणि तसबिरीला बढती देतील." मी म्हटलं, परत मागून घ्या. तर दिलेली भेट परत मागणं म्हणजे राजाचा अपमान. ज्या नियमांच्या आधारानं तो माणूस त्या रानात इतकी वर्षं ताठ उभा राहिला होता, त्याच नियमांनी त्याला उचलून घराबाहेर ठेवला होता.

माझं मात्र जाणं-येणं चालू होतं. उलट भेट म्हणून राजाची तसबीर काढायची होती. रोज सकाळी मी गडावर जायचो, संध्याकाळी परतायचो, आणि साहेब पायरीवर वाट पाहत असायचा.

"आज काय केलं राजांनी?"

"बुद्धिबळ खेळले."

"कुणाशी?"

"तुमच्याशीच, साहेब. दोन्ही बाजूंनी स्वतःच चालतात."

"जिंकतं कोण?"

"तुम्ही."

त्याला बरं वाटावं म्हणून मी सांगितलं होतं, आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. पण तो उठून येरझारा घालू लागला. "सुरुवात काय केली मी? हत्तीपुढचं प्यादं? मी जन्मात कधी हत्तीपुढचं प्यादं हलवलं नाही! जाऊन सांग त्याला, उंट बाहेर काढ म्हणावं."

आता भर दरबारात राजाला मी कसं सांगणार? मी गेलो, तसबिरीसमोर वाकलो आणि तिच्या कानात, दोन खांब पलीकडे ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालो, "साहेब, उंट बाहेर काढा."

राजाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो छताकडे पाहत होता. थोड्या वेळानं त्याचा हात पटावर आला आणि त्यानं साहेबाचा उंट बाहेर काढला. मग आपला घोडा पुढं केला आणि छतालाच म्हणाला, "ओगलबीसाहेब आज शुद्धीवर दिसतात."

झालं. त्या दिवसापासून मी चितारी कमी आणि हरकारा जास्त. सकाळी एक चाल न्यायची, संध्याकाळी एक चाल आणायची. साहेबानं बंगल्यात दुसरा पट मांडला होता. एका चालीवर तो चोवीस तास जगायचा. मी राजाच्या मिशा मुद्दाम पुसून पुन्हा काढत होतो. तसबीर संपली असती तर डाव संपला असता.

पावसाळा ओसरला आणि तापाचे दिवस आले. साहेबाला तापानं धरलं आणि सोडलं नाही. कानपुराहून डॉक्टर निघाला, तो वाटेत स्वतःच आजारी पडून परत गेला. एका सकाळी साहेबानं चाल सांगितली नाही. मी रिकाम्या हातानं गडावर गेलो, तसबिरीच्या कानाशी वाकलो आणि काहीच न बोलता सरळ झालो.

राजा पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलला. "साहेब विचारात आहेत का, चितारी?"

"आजारी आहेत, महाराज."

त्यानं तसबिरीकडे पाहिलं. ती गुलाबी होती. "मी त्यांना भेटायला गेलो, तर सतरंजीच्या कडेपर्यंत येऊन मला आत कोण घेईल? रेसिडेंट तर इथं बसलाय." तो बराच वेळ मिशी ओढत राहिला. मग म्हणाला, "माझी तसबीर कुठवर आली?"

"मिशा उरल्यात."

"मिशांवाचून चालेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मसनदीवर सुमेरसिंहाची तसबीर बसली, ओठांवर मिशी नसलेली, आणि शेजारच्या खुर्चीत ओगिल्वीची. चोबदारांनी ललकारी दिली. लालांनी तसबिरीला मुजरा केला. साधा अंगरखा घातलेला एक जाडजूड माणूस माझ्या शेजारून घाटाकडे निघाला, त्याच्याकडे लालांनी पाहिलं नाही. अगदी लक्षपूर्वक पाहिलं नाही.

बंगल्याच्या वऱ्हांड्यात साहेब शाल पांघरून पडला होता. पावलं ऐकून म्हणाला, "कोण आलंय, क्विन?"

"कोणीच नाही, साहेब."

"मग येऊ दे आत. घरातही कोणी नाही."

राजानं आपल्या हातानं वेताचा मोढा ओढला आणि बसला. इतक्या वर्षांत मध्ये मुन्शी नाही असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे सुरुवात कुणी करायची ते कुणाला कळेना. शेवटी साहेब आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "तुमची तबियत कशी आहे?" आणि दोघंही असे हसले की साहेबाला खोकल्याची उबळ आली.

पीरबख्शनं पट आणला. राजानं सोंगट्या मांडल्या आणि हात आवरला. "साहेब, एक सांगू? एक गुरुवार तुमचा, एक गुरुवार माझा, हा लालांचा नियम. तुमच्या गुरुवारी मी हरायचं."

"तुमच्या गुरुवारी मी हरायचं, हा कलकत्त्याचा नियम. मला वाटलं, मुद्दाम हरणारा मी एकटाच."

"म्हणजे आपण कधी खेळलोच नाही?"

"नाही."

"अरे देवा," राजा म्हणाला. "मग चला."

ते खेळले. काय खेळले! मी रोमपासून रंगूनपर्यंत पट पाहिलेत, पण इतका वाईट खेळ कुठं पाहिला नाही. दोघांनाही खेळ येत नव्हता. हरायचंच इतकं सवयीचं झालेलं, की जिंकायचं कसं ते शिकायचं राहूनच गेलेलं. वजीर फुकट जात होते, घोडे भलतीकडे उधळत होते, आणि दोघं पोरांसारखे एकमेकांच्या मनगटावर चापट्या मारत होते. "चाल परत घ्यायची नाही हं!" "अहो, माझा हात नुसता लागला!" राजानं किड्यांची लापशी वाटीभर खाल्ली आणि आणखी मागितली. ऊन उतरलं तेव्हा डाव अर्धा होता. "उद्या," राजा म्हणाला.

उद्या आला, परवाही आला. डाव पुढं सरकत नव्हता, कारण साहेब दर चालीला झोपी जात होता आणि राजा त्याला उठवत नव्हता. चौथ्या दिवशी तो उठला नाही.

पळसाखाली त्याला पुरला. मी होतो, पीरबख्श होता, आणि साध्या अंगरख्यातला तो माणूस होता. प्रार्थना मला अर्धीच येत होती. आमेन पीरबख्श म्हणाला. साहेबाच्या दुसऱ्या खुर्चीतून येणारं ऐकून ऐकून त्याला पाठ झालं होतं.

तोफा वाजल्या नाहीत.

गुरुवारी राजा स्वतः मसनदीवर बसला. "लाला, ओगलबीसाहेब गेले. तोफा का नाहीत?"

लाला हात जोडून उभे. चेहरा उतरलेला. "सरकार, कशा डागू? साहेब बसलेत. बसलेल्या माणसाच्या मरणाच्या तोफा कशा डागायच्या?"

आणि ओगिल्वी बसलेच होते. गुलाबी, घामेजलेले, हसतमुख, ताजा विडा शेजारी. जोवर ते तसे बसले होते, तोवर सुमेरसिंहाला पगडी उतरवता येत नव्हती, रडता येत नव्हतं. मित्र मेला आणि त्याच्याच शेजारी बसून दरबार करायचा होता.

राजानं मला जवळ बोलावलं. "चितारी, त्यांचे डोळे तू उघडलेस. आता तूच मीट."

मी रंग कालवला. आयुष्यात मी हजारो डोळे उघडले आहेत, त्यांत झोपाळू, तिरळे, दारूनं तांबारलेले सगळे आले. मिटण्याचं काम कधी केलं नव्हतं. आधी उजवा मिटला. मागं सरकून पाहतो तो काय, साहेब भर दरबाराला डोळा मारतोय! ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला डोळा मारला नसेल, तो. कुणीतरी खुदकन हसलं. मला वाटतं, राजाच. मग मी डावा मिटला, आणि हसणं थांबलं. ओठ मी हलवले नव्हते, पण त्यांवरचं हसू वेगळं झालं. आता ते लापशी खाऊन वऱ्हांड्यात झोपलेल्या माणसाचं होतं.

लाला पुढं आले. वाकून पाहिलं. एका पापणीला बोट लावलं. मग डोक्यावरची पगडी काढली.

"साहेब गेले," लाला म्हणाले.

राजानं पगडी काढली. त्याचं टक्कल मी तसबिरीत काढलं नव्हतं, मला ठाऊकच नव्हतं.

मी नावेत असताना तोफा सुरू झाल्या. बंगल्यावर पोचलो तेव्हा धूर नदीवरून या काठाला आला होता. पीरबख्श वऱ्हांड्यात अर्ध्या डावाशेजारी बसला होता. बोटं मुडपलेली.

"बारा," तो म्हणाला.

"अकरा असतील."

"हुजूर, इतकी वर्षं मोजतोय. आता विचारणारं कोणी नाही, पण हात मोजतात. बारा."

निघण्याआधी मी गडावर लालांचा निरोप घ्यायला गेलो. म्हटलं, "लाला, तहात तर अकरा आहेत."

"अकराच," लाला म्हणाले.

"पीरबख्शनं बारा मोजल्या."

"मोजण्यात चूक झाली असेल."

"तुमची?"

"छे, छे. त्याची." लालांनी मला निरोपाचा विडा दिला. विडा देताना मी पाहिलं, त्यांच्या बोटाच्या टोकाला पापणीचा गुलाबी रंग तसाच होता. तेलाचा रंग, धुतल्यानं जात नाही. पण तो त्यांनी धुवायचा प्रयत्नही केलेला दिसत नव्हता.